उभ्या माणसाचं वाहन

जवळपास प्रत्येक वाहन माणसाला धरायला काहीतरी देतं. सायकलला हँडल असतं, बसला दांडी, गच्च भरलेल्या ई-रिक्षात कडेला टेकलेल्यालाही छताची सळई मिळते. इलेक्ट्रिक स्केटबोर्ड यांतलं काहीच देत नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक फळी, तिच्यावर आडवा उभा राहिलेला माणूस आणि त्याच्या मुठीत एक छोटा रिमोट. ताशी पंचवीस-तीस किलोमीटर वेगानं जाणाऱ्या या माणसाला आधार असतो तो फक्त स्वतःच्या तळपायांचा. घरी जुळवलेला बोर्ड नीट वाचायचा असेल तर ही गोष्ट मध्यभागी ठेवावी लागते. त्याचा प्रत्येक भाग एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतो: वर उभ्या असलेल्या माणसाशी आपण कसं वागायचं?

हे वाचन लखनौच्या गोमती नगरात बसून करण्याला कारण आहे. लखनौची मेट्रो २०१७ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंत पोचली, पण ती इंदिरा नगरातून गेली. गोमती नगर तिच्या मार्गावर नाही. विकास प्राधिकरणानं आखलेले इथले खंड, म्हणजे विपुल, विवेक, विनय, विश्वास असे बहुतेक ‘वि’नं सुरू होणारे, एकमेकांपासून चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ आहेत. ही मधली जागा ई-रिक्षांनी भरली आहे. लहान विजेरी वाहन कशासाठी, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भूगोलही बोर्ड बनवणाऱ्याला स्पष्ट अटी घालतो. गंगेच्या मैदानातलं शहर, त्यामुळे चढ म्हणजे उड्डाणपूल, नदीवरचे पूल आणि बांधाचे रस्ते एवढेच. पदपथांवर पेव्हर ब्लॉक, वसाहतींच्या तोंडाशी गतिरोधक, आणि मे महिन्यात चाळिशीपार जाणारा पारा.

वाचायला खालून सुरुवात करावी. मोटर नसलेल्या स्केटबोर्डला पूर्वी मातीची किंवा लोखंडाची चाकं असत आणि एखादा खडा आला की माणूस पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दीनं पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली. ती रस्ता किंचित पकडायची आणि खड्याला किंचित वाट द्यायची. या खेळाचा पुढचा सगळा इतिहास त्या मऊपणावर उभा आहे. विजेच्या बोर्डाला सहसा ९० मिलिमीटरच्या आसपासची अशीच चाकं लावतात. गुळगुळीत डांबरावर ती सुरेख धावतात. पेव्हर ब्लॉकवर मात्र प्रत्येक सांधा गुडघ्यापर्यंत कळतो. म्हणून अशा रस्त्यांसाठी हवा भरलेले सहा इंची टायर निवडणारा माणूस दिखाऊपणा करत नसतो, त्यानं आपला रस्ता वाचलेला असतो.

चाकांच्या वर ‘ट्रक’ असतो, म्हणजे चाकांचा आस फळीला जोडणारा सांधा. पायाचा भार एका कडेला दिला की फळी कलते, आणि ट्रक त्या कलण्याचं वळणात रूपांतर करतो. मधे असतात युरेथेनची बुशिंग. ती मऊ असली तर बोर्ड लाडानं वळतो, पण वेग वाढला की मागेपुढे थरथरायला लागतो. कडक असली तर सरळ जातो, पण वळायला नाखूश असतो. कसलेला जुळवणारा पुढचा ट्रक थोडा मोकळा आणि मागचा घट्ट ठेवतो. मोटरची ओढ मागे असते आणि दिशा पुढे, त्यामुळे ढकलणाऱ्यानं चंचल असून चालत नाही.

आता मोटर. या छंदात ‘६३७४’ हा आकडा सारखा कानावर येतो. त्यातले पहिले दोन अंक व्यासाचे आणि पुढचे दोन लांबीचे, मिलिमीटरमध्ये. सोबत ‘१९० केव्ही’ असं काहीतरी लिहिलेलं असतं; म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला १९० फेरे. दहा सेल ओळीनं जोडलेल्या पॅकचं सरासरी व्होल्टेज ३६ धरलं तर मोटर ६८४० फेरे घेते. मोटरवर १६ दात्यांची पुली आणि चाकावर ३६ दात्यांची असेल तर चाकाचे ३०४० फेरे होतात. ९० मिलिमीटरच्या चाकाला त्यातून ताशी सुमारे ५२ किलोमीटर वेग मिळतो, अर्थात कागदावर. प्रत्यक्षात वारा, पट्टा आणि माणसाचं वजन त्यातून आपापला वाटा काढून घेतात. याच पुल्यांवर कुणी १५० मिलिमीटरचे टायर चढवले तर कागद ८६ किलोमीटर सांगू लागतो. ऐकायला भारी, पण त्या मोटरला जागेवरून माणूस हलवतानाच घाम फुटेल, कारण तिचा जोर वेगात खर्ची पडला. मग १५ आणि ६० दात्यांची जोडी शोधावी लागते आणि आकडा ४८ वर येतो. चाक बदललं की पुली बदलते, पुली बदलली की सुरुवातीची ओढ बदलते आणि ओढ बदलली की वर उभ्या माणसाचा पवित्रा बदलतो. चांगल्या बोर्डात एकही आकडा एकटा सुटा उभा नसतो.

बॅटरीत कारागिरी सर्वांत जास्त दिसते, आणि ती झाकलेली असते. १८६५० जातीचे तीस सेल, दहा ओळीनं आणि तीन शेजारी. प्रत्येकी ३००० मिलीअँपिअर-तासांचे धरले तर पॅक होतो ३२४ वॉट-तासांचा. किलोमीटरला दहा ते बारा वॉट-तास खर्च धरला तर सपाट रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटरची बेगमी. खरा कस लागतो तो जोडणीत. या सेलचा जवळजवळ सगळा डबा ऋण टोक असतो; धन टोक म्हणजे वरची छोटी टोपी, आणि दोघांमध्ये एक अरुंद कडा. निकेलची पट्टी त्या कडेवरून जाते. रस्त्याच्या कंपनांनी पट्टी घासत राहिली आणि सेलचं पातळ वेष्टन फाटलं, की सेल तिथल्या तिथे शॉर्ट होतो. म्हणून जाणता माणूस प्रत्येक धन टोकावर फिश पेपरची, म्हणजे वीजरोधक कागदाची, एक चकती आधी चिकटवतो आणि मगच स्पॉट वेल्डिंगला हात घालतो. ती चकती बाहेरून कधीच दिसत नाही. बोर्ड बघायला आलेले लोक रंग बघतात, टायर बघतात, वेग विचारतात. चकत्यांबद्दल कुणी विचारत नाही. मला या सगळ्या रचनेतली ती सर्वांत सुंदर जागा वाटते.

इथेच फळीचा प्रश्नही येतो. लवचीक फळी पायाला सुखाची असते, पण ती वाकली की तिच्या पोटाशी बांधलेला पॅकही वाकू पाहतो आणि वेल्ड सुटतात. मग एक तर फळी ताठ घ्यायची, नाहीतर पॅकचे तुकडे करून ते सिलिकॉनच्या मऊ वायरींनी जोडायचे. पहिला मार्ग सोपा आहे. दुसऱ्यात मेहनत जास्त, पण त्यात पायाचं सुखही राहतं आणि सेलची हाडंही. लखनौच्या उन्हाळ्यात याला आणखी एक अट जोडली जाते. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा सहसा ४५ अंश असते. दुपारी तापलेल्या डांबरावरून आलेला पॅक लगेच चार्जरला लावणं म्हणजे त्याचं आयुष्य आपल्या हातानं कमी करणं.

आता कंट्रोलर, म्हणजे या रचनेचं मन. स्वीडनचा अभियंता बेंजामिन वेडर यानं २०१५ च्या सुरुवातीला आपल्या कंट्रोलरचा आराखडा आणि प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली. त्याला जुळवणारे लोक ‘व्हेस्क’ म्हणतात. त्याआधी बहुतेक छंदी लोक खेळण्यातल्या गाड्या-विमानांचे कंट्रोलर बोर्डाला लावत. ते ताकद द्यायचे, पण त्यांच्या हिशेबात वर उभा असलेला माणूस नव्हता. विमानाची मोटर अचानक बंद झाली तर विमान पडतं. बोर्डाची बंद झाली तर माणूस पडतो, आणि तोही पुढे, तोंडावर.

व्हेस्कच्या सेटिंगचा पडदा उघडला की आकड्यांची रांग दिसते. मोटरचा कमाल प्रवाह, ब्रेक लावतानाचा कमाल प्रवाह, बॅटरीतून निघणारा, बॅटरीत परत जाणारा, व्होल्टेजची खालची रेषा, तापमानाची वरची रेषा. जवळपास प्रत्येक ओळ ‘इथपर्यंतच’ असं सांगते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. सावकाश वाचलं तर लक्षात येतं की मोटरचा प्रवाह आणि बॅटरीचा प्रवाह या दोन वेगळ्या ओळी आहेत, आणि तो वेगळेपणा पायाला कळतो. जागेवरून निघताना मोटरमधून साठ अँपिअर वाहत असले तरी बॅटरीतून त्याच्या काही हिश्शाइतकेच निघतात. पहिला आकडा निघतानाची ओढ ठरवतो, दुसरा भर वेगातला दम. एक वाढवून दुसरा आवळला तर बोर्ड चढावर तगडा आणि सरळ रस्त्यावर शांत होतो. उड्डाणपूल सोडले तर सपाट असलेल्या वस्तीत ही जोडी शहाणपणाची ठरते.

सगळ्यांत वाचनीय जागा आहे व्होल्टेजच्या दोन ओळींची. पॅक उतरत आला की वीज कुठे तोडायची यासाठी एक आकडा पुरला असता. वेडरनं दोन ठेवले: सुरुवात आणि शेवट. दहा सेलच्या पॅकला हे आकडे ३४ आणि ३१ व्होल्ट असे ठेवण्याची पद्धत आहे. ३४ ला कंट्रोलर हात आखडू लागतो, ३१ ला पूर्ण थांबतो, आणि मधल्या तीन व्होल्टमध्ये ताकद हळूहळू ओसरते. तापमानाचंही तसंच: ८५ अंशांना सुरुवात, १०० ला शेवट. बॅटरी वाचवायला एकच रेषा पुरेशी होती; दुसरी रेषा माणसासाठी आहे. वीज संपते आहे हे त्याला पडदा बघून कळत नाही, तळपायाला कळतं, आणि पाय आवरून घ्यायला वेळ मिळतो. रिमोटकडून येणाऱ्या हुकमांनाही असाच उतार दिलेला असतो: वेग चढवताना ०.४ सेकंद, सोडताना ०.२. अंगठा घाबरून आवळला गेला तरी बोर्ड हिसका देत नाही.

याच दृष्टीनं ब्रेक वाचावा. मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि वीज बॅटरीत परत जाते, याचं कौतुक विक्रेते फार करतात. हिशेब मांडून पाहावा. माणूस आणि बोर्ड मिळून ९० किलो, वेग ताशी २५ किलोमीटर. पूर्ण थांबताना सोडली जाणारी ऊर्जा होते सुमारे २१७० ज्यूल, म्हणजे ०.६ वॉट-तास. ३२४ च्या पॅकमध्ये हे चिमूटभरही नाही. हा ब्रेक ऊर्जा वाचवायला ठेवलेला नाही. लाकडी पट्टी टायरवर दाबणं किंवा पाय घासून थांबणं यापेक्षा तो सलग, तोलता येणारा आणि चाकाला न घासता थांबवणारा आहे, हे त्याचं खरं मोल. त्याची एक कमजोरीही जाणून ठेवावी लागते: पॅक काठोकाठ भरलेला असेल तर परत येणाऱ्या विजेला जागा नसते. पूर्ण चार्ज करून थेट पुलाच्या माथ्यावरून उतरायला सुरुवात करणं म्हणजे ब्रेकला नेमकं नको तेव्हा अडचणीत टाकणं.

जुळवणाऱ्यांमध्ये रंगणारा जुना वाद याच मुद्द्यावरचा आहे. बॅटरीला सांभाळणारं बीएमएस नावाचं सर्किट धोका दिसला की वीज तोडतं, आणि तोडताना कुणाला विचारत नाही. भर वेगात त्यानं पॅक तोडला तर बॅटरी वाचते, पण ब्रेकही जातो. म्हणून अनेक जण बीएमएस फक्त चार्जिंगच्या वाटेवर ठेवतात आणि चालतानाची राखण कंट्रोलरच्या त्या दोन रेषांवर सोपवतात. दुसरी बाजू म्हणते की राखण काढलेला पॅक पेटला तर माणूस तसाही वाचत नाही. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पण वाद कशावर आहे ते पाहावं: यंत्राचा जीव आधी की माणसाचा, हा प्रश्न इथे तांब्याच्या दोन तारा कुठे जोडायच्या इतक्या ठोस रूपात समोर येतो.

व्हेस्क खुला असण्याला रचनेतही अर्थ आहे. ‘बूस्टेड’ ही अमेरिकी कंपनी २०१२ मध्ये लोकवर्गणीतून उभी राहिली, तिनं हे वाहन जगाला माहीत करून दिलं आणि २०२० मध्ये तिचा कारभार आटोपला. तिच्या बोर्डांची बॅटरी आणि कंट्रोलर एकमेकांना बांधलेले होते. कंपनी गेल्यावर मालकांना दुरुस्तीसाठी दुसऱ्यांच्या खटपटीवर अवलंबून राहावं लागलं. घरी जुळवलेल्या बोर्डाचा मालक असा पोरका होत नाही. सेल मेला तर तो बदलतो, पट्टा तुटला तर दुसरा घालतो, आणि रेषा कुठे आखायची हे स्वतः ठरवतो.

या वाचनाला एक जुना मराठी-लखनवी धागा आहे. अनिल राजवंशी लखनौत वाढले, आयआयटी कानपूरला शिकले, फ्लोरिडा विद्यापीठात पीएचडी करून १९८१ मध्ये परतले ते थेट सातारा जिल्ह्यातल्या फलटणला, बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सायकल रिक्षाकडे बारकाईनं पाहिलं. आपल्या लहानपणच्या शहरातही रस्तोरस्ती दिसणारं हे वाहन दशकानुदशकं जवळपास तसंच राहिलं होतं: एकच गिअर, लांबलचक साखळी, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला. थोडासा चढ आला की चालक खाली उतरून सवारीसकट रिक्षा ओढत नेतो, हे दृश्य त्यांनी तांत्रिक दोष म्हणून वाचलं. हिशेब त्यांच्या बाजूनं आहे. अडीचशे किलोचा भार शंभराला तीनच्या चढावर ताशी सात किलोमीटरनं न्यायचा म्हटलं तर नुसत्या चढासाठी सुमारे दीडशे वॉट लागतात. माणूस सलग देऊ शकतो ते पाऊणशे ते शंभर. उरलेलं तो शरीर झिजवून भरतो.

संस्थेनं त्यावर तीन पायऱ्या सुचवल्या: गिअर आणि मागचा ब्रेक असलेली सुधारलेली सायकल रिक्षा, पायडलला मोटरची साथ देणारी रिक्षा, आणि पूर्ण विजेवर चालणारी ‘इलेक्शा’. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. तेव्हा ई-रिक्षा हा शब्दही रूढ नव्हता. देशाच्या कायद्यात तिला जागा मिळाली २०१५ मध्ये. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामात भावते ती मधली पायरी. त्यांनी माणसाला एकदम बाजूला सारलं नाही. आधी त्याच्या पायाला किती मदत हवी ते मोजलं. रिक्षा ओढण्यासाठी उतरलेला माणूस आणि बोर्डवर हौसेनं उभा राहिलेला माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण यंत्रानं शरीराचा हिशेब आधी करावा ही मागणी दोन्हीकडे एकच आहे, आणि फलटणला ती छंद म्हणून नाही, गरज म्हणून मांडली गेली.

दोष दाखवल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. हा बोर्ड आपल्या कायद्यात धड बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या विजेरी वाहनाला सूट आहे, तीही चाचणी संस्थेनं प्रमाणित केलं तर. ६३७४ मोटर त्या रेषेच्या कैक पटींनी पुढे असते. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर त्याला हक्काची जागा नाही; तो खाजगी आवारात शोभतो. हेल्मेटची उणीव कुठलीही सेटिंग भरून काढत नाही. खर्चही कमी नाही, आणि चुकलेल्या जोडणीची किंमत आग असू शकते. ज्याला मल्टिमीटर नीट वापरता येत नाही त्यानं पॅक विकत घ्यावा, बांधू नये.

तरीही या छंदाकडे मी आदरानं पाहतो, आणि त्याचं कारण गोमती नगरच्या रस्त्यावरच आहे. ई-रिक्षानं चालकाला बसतं केलं, राजवंशींच्या मागणीचा अर्धा भाग पुरा झाला. उरलेला अर्धा, म्हणजे हिसका न देता निघणं, उतारावर भरवशानं थांबणं, बॅटरी संपताना आधी सांगून संपणं, अजून बहुतांश चालकाच्या अंदाजावर चालतं. बहुतेक ई-रिक्षा ४८ व्होल्टवर धावतात. बारा-तेरा सेलच्या बोर्डाचंही जवळपास तेच घर. दोन रेषांमधला उतार आखायला शिकलेल्या हातांना तो ई-रिक्षाच्या कंट्रोलरमध्येही आखता येईल. त्या वाहनात रोज शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, दवाखान्यात निघालेले म्हातारे बसतात. एकट्या हौशी माणसाच्या तोलासाठी घेतलेली एवढी काळजी त्या बाकांपर्यंत पोचवणं हे या कारागिरीचं पुढचं काम आहे, आणि ते मोटर बदलून नाही, आकडे विचारपूर्वक बदलून होणार आहे.